मुक्या सिनेमाला आवाज देणारे म्हात्रेकाका

मुका सिनेमा लावला की त्यातल्या सगळ्यांचे आवाज म्हात्रेकाका एकटे काढायचे. पापडी गावचा हा माणूस एकतीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवून आमच्या इमारतीत राहायला आला होता. सोसायटीच्या वर्धापनदिनी गच्चीवर चादर बांधून ते शंभर वर्षांपूर्वीचे सिनेमे दाखवत. मध्ये कोणी कुजबुजलं की सिनेमा थांबवत. "तुमचं झालं की सांगा, मंग लावतो."

दोन वर्षांपूर्वीच्या सिनेमात दुकानमालकाचा मुलगा काउंटरवरच्या मुलीच्या प्रेमात पडला होता. मालक तिला हाकलतो तेव्हा काका तिच्या आवाजात म्हणाले, "शेठ, दुकान तुमचं, पन पोरगा त्याचा तो हाय." हशा पिकला. शेवटी मालकच दोघांना गाडीत घालून लग्नाला नेतो. तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या आमच्या सेक्रेटरींनी वाजवल्या.

दीड महिन्याने त्यांच्याच मुलाने घरी सांगितलं, लग्न करीन तर शीतलशी. शीतल सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिची आई मंगल आमच्या इमारतीतल्या अकरा घरची धुणीभांडी करायची. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. ठराव असा : सुरक्षेच्या कारणास्तव मंगलला गेटच्या आत प्रवेश नाही. तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. खजिनदार म्हणून हात मी मोजले. हजर अठ्ठावीस, बाजूने सव्वीस, विरोधात एक. अठ्ठाविसावा मी. मोजत होतो म्हणून हात वर करायचा राहिला, असं बायकोला सांगितलं. खोटं सांगितलं.

विरोधातले काका उठले. "टाळ्यांना हेच हात होते ना? पडद्यावरची पोरगी चालते तुम्हाला, कारन ती तुमचा जिना चढत नाय."

"काका, सिनेमा वेगळा," सेक्रेटरी म्हणाले.

"वेगळाच. त्यातल्या बापाला शेवटी अक्कल येते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि खजिनदार, तुम्ही कुठल्या रकान्यात?"

मी कागद घडी करत राहिलो.

पोरांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, साक्षीला काका गेले. मंगलची अकरा घरं मात्र गेली ती गेलीच. पुढच्या वर्धापनदिनाला काकांनी साफ सांगितलं, "तुम्हाला दाखवायला माझ्याकडं काय नाय."

दोन महिन्यांनी ते वारले. खाली सेक्रेटरी डोळे पुसत सगळी व्यवस्था बघत होते. मंगल हातात हार घेऊन गेटबाहेर उन्हात उभी होती. वॉचमन मला म्हणाला, "साहेब, ठराव आहे."

"माहीत आहे. हात मीच मोजलेत," म्हणालो आणि तिला आत घेऊन आलो. त्या सव्वीसांपैकी एकानेही अडवलं नाही. एवढंच करायचं होतं. त्याला मला एक वर्ष आणि काकांचं मरण लागलं.