आईच्या हार घालायच्या फोटोसाठी कॅमेरा

मी चादरीच्या दुकानात सेल्समन. गिऱ्हाईक आलं की घडी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, "वजन बघा की!" आमच्या धंद्यात वजन म्हणजेच माल. ही अक्कल मी चादरीपुरती ठेवली असती तर पुढची शोभा टळली असती. पण गप बसेन तर तो मी कसला!

कॅमेऱ्याचं खूळ आईमुळं शिरलं. गल्लीतली एक म्हातारी वारली, आणि तिच्या पोरांना घरात तिचा एक धड फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला आणि त्यालाच हार घातला. आई तिथून आली ती फणफणतच.

"कसली दिसत हुती बिचारी! चोर धरून आणल्यागत! माझा हार घालायचा फोटो तू आत्ताच काढून ठिव. मी बघून पसंत करनार, मगच फ्रेम."

"आई, कायतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र कसलं त्यात? साडीबी ठरवलीया मी."

मोबाइलवर काढला असता तर दोन मिनिटांचं काम. पण नेमका दिवाळीचा बोनस हातात आला होता आणि माझ्यातला कलाकार जागा झाला. म्हटलं, आईचा फोटो काढायचा तर डीएसएलआरवरच! मग दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. कॅमेरा नव्हता, पण ज्ञान ओसंडून वाहत होतं. एकदा जेवताना बायकोला ॲपर्चर म्हणजे काय ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या बोनसमधनं मिक्सर येनार हुता, त्यो येतोय का न्हाय?" मी भाकरीकडं लक्ष दिलं.

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. माझ्या पैशांत बसणारा एकच नवा कॅमेरा होता, छोट्या लेन्ससकट. सेल्समननं तो हातात दिला आणि माझं तोंडच उतरलं. कापसासारखा हलका! मी तो तळहातावर दोनदा झेलला. सेल्समनचा जीव वरखाली झाला.

"काका, पडेल!"

"यात माल न्हाय हो," मी म्हणालो.

"घरातल्या फोटोंना हाच बरा पडतो, काका. वॉरंटी आहे."

हलकी चादर गळ्यात मारताना मीही असाच गोड बोलतो. मला कोण फसवतंय? मी ताठ मानेनं बाहेर पडलो.

मग ओळखीतून एक गृहस्थ भेटले. माळरानावर फिरून पक्ष्यांचे फोटो काढायचे. आता गुडघे दुखायला लागले म्हणून जुना कॅमेरा काढून टाकत होते. त्यांनी तो लेन्ससकट माझ्या हातात ठेवला आणि माझा हात खाली गेला. आहाहा! लेन्स काय, कोपरापर्यंत लांब! पैसेही माझ्या आवाक्यातले. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "दादा, ही लेन्स लांबच्यासाठी हाय. पक्षीबिक्षी. घरात उपेग न्हाय."

"अहो, तेवढा पक्षी दिसतो तर एवढं माणूस दिसणारच की!" मी म्हणालो.

त्यानं पैसे मोजून खिशात टाकले. मला वाटलं, पटलं त्याला.

घरी आईला खुर्चीत बसवलं. ठरवलेली साडी, डोक्यावर पदर, सगळं झक्कास. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर आई नुसती धुरकट. मागं सरकलो, तरी धुरकट. भिंतीला पाठ टेकली, तरी तेच. कितीही मागं गेलो तरी लेन्सला आई जवळच वाटत होती. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आजून मागं जायचं तर भिंत फोडावी लागंल."

शेवटी आईला उंबऱ्यात बसवलं आणि मी गल्ली ओलांडून समोरच्यांच्या ओट्यावर गेलो. तिथून आई दिसली! पण आमच्या भवानी पेठेत शेजारी यंत्रमाग चालू असताना कुणाचं कुणाला ऐकू येतंय? "मान वर!" म्हणून मी बोंबलायचो आणि आई विचारायची, "काय?" मधेच रिक्षा आडवी यायची. अर्धी गल्ली बघायला जमली. एक जण म्हणाला, "मालक, आई हाय का माळढोक?" आई फिस्सकन हसली आणि मी नेमका तेव्हाच फोटो काढला.

"हार घालायच्या फोटोत कुनी दात काडतं का?" तिनं नापास केला.

मग दर सुट्टीला तेच. आई साडी नेसून उंबऱ्यात, मी समोरच्यांच्या ओट्यावर. कधी कपाळावर ऊन, कधी निम्म्या आईवर शेळी. ती प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि नापास करायची. मी चिडायचो, बायको चहा द्यायची, गल्ली सल्ले द्यायची. खरं सांगतो, सुट्टीची वाट बघायला लागलो होतो मी.

मागच्या सुट्टीला ऊन नव्हतं, रिक्षा नव्हती, माग बंद होते. मी फोटो काढला आणि कॅमेरा आईकडं नेला. तिनं चष्मा पुसला आणि पडदा जवळ धरला.

"ह्यो बरा हाय," ती म्हणाली. "ह्योच लाव."

मी बघितला. पदर नीट, मान वर, आणि गल्लीच्या पलीकडून ती सरळ माझ्याकडं बघत होती. आयुष्यात एवढा चांगला फोटो मी काढला नव्हता. आता हा फ्रेमवाल्याकडं न्यायचा, घरी आणून कपाटात ठेवायचा. आणि मग काय, वाट बघत बसायचं? लई भ्या वाटलं मला.

"न्हाय गं, हललाय," मी म्हणालो.

"कुटं हललाय?"

"मोठा केला की दिसतंय." आणि तिच्यासमोरच पुसून टाकला.

"व्हय?" आईनं पदर पुन्हा डोक्यावर सारखा केला. "मग जा की पलीकडं. बसते मी."