कपाटाखालच्या विटा

घराचा उतारा आणायला ग्रामपंचायतीत गेलो, तर ग्रामसेविकाबाई कपाटाखाली विटा सरकवत होत्या. पावसाळ्यात या खोलीची फरशी ओलावते आणि खालच्या कप्प्यातलं दप्तर भिजतं.

हात झटकत त्या म्हणाल्या, "काका, बरं झालं आलात. दिल्लीत हवामानाचा कायदा झालाय, त्यामुळे प्रत्येक पंचायतीनं आपापला आराखडा करायचाय. गावातले जुने पाणवठे लिहून मागितलेत. इथं तळं होतं म्हणतात, खरं का?"

खरं का! त्या तळ्यात मी पोहायला शिकलो. पाठीला वाळका भोपळा बांधून थोरल्या भावानं मला ढकललं होतं. बेंदराच्या सकाळी सगळ्या गावाचे बैल तिथं धुतले जायचे आणि पाणी दुपारपर्यंत गढूळ राहायचं. म्हशी तर हाकलल्याशिवाय बाहेरच यायच्या नाहीत.

मग एकदा असाच वरून हुकूम आला. प्रत्येक पंचायतीला पक्की इमारत हवी, महिनाभरात जागा दाखवा. गावात दुसरी मोकळी जागा नव्हती. ग्रामसभेत तळं बुजवायला हात वर झाले, त्यात माझाही होता. तेव्हाही आम्ही नियमच पाळला. तळ्याबद्दल वरून कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नाही.

"होतं," मी म्हणालो.

त्यांनी पेन उघडलं. "नेमकं कुठं?"

चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. तळपायांना गार, ओळखीची ओल लागत होती.

"तुम्ही उभ्या आहात ना, तिथं काठ होता," मी म्हणालो. "मी पाण्यात उभा आहे."