पुसदची पातोडी आणि बाबांचा ‘नको’

शाळांच्या प्रयोगशाळांना परीक्षानळ्या, भिंगं आणि लिटमस पुरवायचा माझा धंदा. यवतमाळहून गाडी काढायची, दोन शाळा उरकायच्या आणि तिसऱ्या शाळेच्या शिपायाला विचारायचं, इथं चांगलं जेवण कुठं मिळतं? मुख्याध्यापकांना विचारू नये, ते डबा आणतात. या एका युक्तीवर मी जिल्हाभर खाल्लं आहे आणि त्याचा मला निर्लज्ज अभिमान आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सासऱ्यांना सोबत न्यायला लागले. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबा वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून घसरायचा. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. म्हणाले, यांना खायला घाला, नाहीतर अंथरूण धरतील. आता मी काय उपाशी ठेवत होते? रोज गरम पोळी घेऊन विचारायचे, “अजून एक?” बाबा म्हणायचे, “नको.” विषय संपला. माझे आईवडील दोघंही नोकरीवाले. आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं, आणि नको म्हणणाऱ्याला आग्रह करून छळायचं नाही. माणसाच्या शब्दाला मान द्यावा, असं मी नवऱ्यालाही ऐकवायचे.

मग वाटलं, माझ्या हातच्या जेवणाला कंटाळले असतील, बाहेरचं चमचमीत पोटात गेलं तर भूक खवळेल. बाबांचा जन्म शेतात गेलेला. हॉटेलात चहापलीकडे त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं.

ढाणकीला बाजाराच्या दिवशी आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. वर लाल तर्री, बचकभर कांदा, पहिल्याच घासाला माझ्या नाकातून पाणी. मी दुसरी प्लेट मागवली, मग आपणच आपल्याला हसत तिसरी. रस्सावाला बादली घेऊन फिरत होता, तो बाबांपाशी आला. बाबांनी प्लेटवर हात आडवा धरला आणि तो पुढे गेला. बाबा बराच वेळ बादलीकडे बघत राहिले. मला वाटलं, तिखटाला घाबरले.

झरी जामणीला टिनाच्या शेडखाली अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि वरून कच्चं तेल. मी तीन भाकरी हाणल्या आणि चौथी अर्धी, कारण पूर्ण मागायला लाज वाटली. बाबांची एकच. “नको.” परत येताना गाडीत त्यांच्या पोटातून मोठा गुडगुड आवाज आला. मी म्हटलं, गॅस झाला, आणि पर्समधून ओवा काढून दिला. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

पुसदला शिपायाने बाजारामागची खानावळ सांगितली. चार बाकं, आणि वाढायला मालकीणबाई स्वतः. पातोडी रस्सा समोर आला. बेसनाच्या मऊ वड्या, तेलात तरंगणारा काळसर मसाला. मी तर पहिला घास घेऊन बाकावर मांडीच घातली. इतक्यात बाई भाकरी घेऊन बाबांपाशी आल्या. बाबांचा हात आडवा. बाई हलल्या नाहीत.

“हात काढा, भाऊ.”

“नको, झालं.”

“कायचं झालं? एका भाकरीत जेवन होते का कुठं?”

“नाही नाही, बस.”

“हातावरच वाढीन मंग.” आणि तव्यावरची भाकर खरंच त्यांच्या हाताजवळ आणली.

मी तडकले. “अहो, त्यांना नको आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात निघाला, भाकर पडली. दुसऱ्या खेपेला बाबा ताटावर ओणवे झाले, तर बाईंनी बगलेखालून भाकर सरकवली. तिसऱ्या वेळी “माह्या हाताले चव नाही का?” म्हणून रुसून दाखवलं. बाबांनी चार भाकरी खाल्ल्या. घामाघूम होऊन शेवटी रश्शाची वाटीच तोंडाला लावली. मी इतकी हसत होते की शेजारचे लोकही हसायला लागले.

“बाबा, तुम्ही तर नको म्हणत होता!”

“मंग काय पयल्या झटक्यात हो म्हनू? लोकं हावरट म्हनतीन. तीनदा तं नाही म्हनाच लागते.”

“मग ढाणकीला?”

“तो थांबलाच नाही.”

हसता हसताच मी विचारलं, “आणि घरी?”

बाबा बोटं चाटायचे थांबले. “तुही सासू आयकतच नव्हती,” ते म्हणाले. “तू तं एकदाच इचारतं, पोरी.”

त्यात तक्रार नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. वर्षभर हा माणूस माझ्यासमोरून अर्धपोटी उठत होता आणि मी त्याच्या शब्दाला मान देत होते. मला भयंकर लाज वाटली. तिखट झोंबलं म्हणत मी डोळे पुसले. बाईंनी मलाही न विचारता एक भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. बाबा नको म्हणाले, मी वाढले. हात आडवा आला, मी बोटांच्या फटीतून वाढले. तिसऱ्यांदा म्हणाले, “लय झालं वं,” आणि तेही संपवलं. चौथ्यांदा मी कढईच उचलून आणली, तसे बाबा पाट सोडून उठले आणि दारापर्यंत मागे सरकले.

“आता नको, पोरी. खरंच नको.”

त्यांचा खरा नको कसा असतो, ते मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.