अक्काचा पहिला फोटो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. तुम्ही मध्येच थांबवणार नाही, म्हणून असेल.

नव्वद सालाच्या आसपास मी आदिलाबादला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. डॉक्टर तेलुगू बोलणारे, आणि भीमपूरकडून येणारी आपली माणसं मराठी. मधला दुभाषा मी. डॉक्टर चार वाक्यं बोलायचे, मी त्यांची दोन करायचो. लोक मलाच डाक्तर म्हणायचे — आणि मी कधी कोणाला अडवलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय?

माझी थोरली बहीण, अक्का, भीमपूरजवळच्या खेड्यात दिलेली. एकदा नवऱ्याला न सांगता, बाजाराचं निमित्त करून ती एकटीच आली. मांडीच्या मागे गाठ. लिंबाएवढी होती, ती मोसंबीएवढी झाली होती. दुखत नव्हती.

"बापू, वाईट तर नाई ना रे? लेकरं लहान हायेत माही."

मी फोटो काढला. फिल्म ओलीच होती, पाणी ठिबकत होतं. हाड चांगलं दिसलं आणि मी बाहेर येऊन सांगून टाकलं — चरबीची गाठ आहे, घाबरू नको. डॉक्टरांनी बघायच्या आधीच. का? तिचा चेहरा बघवेना म्हणून? थोडं तसंही असेल. पण जास्त — सांगणारा मी असावा म्हणून.

मग डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. चरबी असती तर काळसर दिसली असती, म्हणाले; ही मांसासारखीच पांढरी आहे, आणि खोल आहे. नागपूरला पाठव, स्कॅन करू दे, तुकडा तपासू दे. उशीर नको. हे सगळं मला शिकवलेलं होतं. मी फक्त हाड बघितलं होतं.

सांगायलाच बाहेर आलो. तर अक्का बत्ताशांचा पुडा आणून बाकावरच्या रोग्यांना वाटत होती. "माह्या भावानं फोटोत पाह्यलं, काईच नाई निंघालं." माझ्याही हातावर एक ठेवला. आणि मी — तो खाल्ला. मग तिला बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, पाठवलं का? हो म्हणालो.

पुढे सात महिने. येत्या रविवारी जाऊन सांगू, असं किती रविवार म्हणालो असेन? भाऊजींनी तिला आणलं तेव्हा गाठ नारळाएवढी झाली होती, पाय टेकवत नव्हता. मीच त्यांना नागपूरला नेलं. स्कॅनमध्ये छातीतही ठिपके दिसले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी फोटो काढला होता का?

मी खाली बघत उभा. भाऊजी शेजारी. उत्तर अक्कानंच दिलं. "नाई जी. कवाच नाई काढला."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिला केव्हा कळलं असेल? मी विचारलं नाही. तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या खाटेशी रोज बसलो, पण विचारलं नाही. एवढा भेकड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती फिल्म माझ्या ट्रंकेत आहे. जाळायला घेतली होती, जाळवली नाही. दिवसा खिडकीशी धरून बघतो कधी. गाठ पांढरीच दिसते.

भाऊजी आता म्हातारे झालेत. दरवर्षी तिच्या श्राद्धाला आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसतो. दरवर्षी त्यांचा घास हातात थांबतो आणि ते तेच म्हणतात — "मीच उशीर केला, बापू. कापूस येचून होऊ दे, मंग जाऊ, असं म्हनलो मी तिले."

मी म्हणतो, "नशीब, भाऊजी." आणि पानात वाढलेलं संपवतो.

यंदाही तेच म्हणालो.