चुन्याची सवय

बॅटरीच्या खोलीतून पांढरा धूर बाहेर येत होता आणि आत माझ्या हाताखालचा नवा गडी तुकाराम खोकत होता. तो दिसत नव्हता.

लढाईची वर्षं. नगरच्या आमच्या वर्कशॉपात मिलिटरीच्या लॉऱ्या यायच्या, बॅटऱ्यांचं काम माझ्याकडे. बॅटरीचं ॲसिड भलतं जहाल. ते पाण्यात मिसळून सौम्य करावं लागतं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, बारीक धारेनं. उलटं केलं की पाणी क्षणात उकळतं आणि ॲसिड घेऊन अंगावर उडतं. तुकारामला हे मी सकाळीच बजावलं होतं.

वर्कशॉपचे मालक, शेठ, धावत आले. “उस्मान, बादलीभर पाणी ओत त्या ॲसिडच्या बरणीत! थंड होईल!”

“खबरदार, शेठ! पाण्यानंच तर भडकलंय ते!”

खरं सांगतो, मी दारातच अडलो होतो. आत एक श्वास घेतला तर मीही तिथंच पडणार. तेवढ्यात खोकला एकदम थांबला आणि माझी पाचावर धारण बसली. तोंडाला ओलं फडकं बांधलं, श्वास कोंडला, भिंत चाचपत आत शिरलो. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. पायाला तो लागला. बखोटीला धरून बाहेर ओढला.

बाहेरच्या वाऱ्यावर तो शुद्धीवर आला. “काय दिसंना, उस्मानभाई! डोळं गेलं माझं!”

हौदापाशी आडवा केला. मी त्याच्या पापण्या ताणून धरल्या, शेठ तांब्यावर तांब्या ओतत राहिले. तो गुरासारखा ओरडत होता. शेठ ‘राम राम’ पुटपुटत होते, मी अल्लाला विनवत होतो. डॉक्टर येईपर्यंत आम्ही हात थांबवला नाही.

दवाखान्यात त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तेव्हा मी रागानं विचारलं, “अरे, सांगून ठेवलं होतं ना? आणि उकळी फुटल्यावर तरी मागं का नाही सरलास?”

“आदी पानी का आदी ॲसिड, ऐन टायमाला इसरलो. हातानं आपलं भट्टीवानी केलं. चुन्यावर पानी वतलं की उकळतंच की. म्हनून ढवळाया वाकलो.”

निम्मं आयुष्य चुन्याच्या भट्टीवर गेलेला माणूस. उकळीची त्याला भीतीच नव्हती.

पट्ट्या सुटल्या. दोन्ही डोळे शाबूत. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

दिवाळीच्या आधी त्याच्याकडे गेलो, तर गडी घराला लावायला चुना विरवत होता. पिंपात आधी पाणी, मग लांबून एकेक खडा.

“अरे, चुन्याला उलटं चालतं!”

“चालत आसंल. ह्या डोळ्यांला न्हाई चालत.”

तेव्हापासून नवा माणूस आला की नियम मागाहून सांगतो. आधी विचारतो, याआधी कुठं कामाला होतास?