कुपी उघडायची नाही

शीतगृहातली सगळ्यात गरम खोली म्हणजे मशीनघर, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आत बटाट्याची पोती गारठून पडलेली असतात आणि त्यांना गारठवणारं यंत्र शेजारच्या खोलीत धापा टाकत असतं. अशा खोलीत बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळून बसणाऱ्या माणसाचं नाव लोकांनी मफलर पाडलं, यात लोकांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. त्याचं म्हणणं, माझा घसा नाजूक आहे. त्याच्या बायकोचं म्हणणं, घशाचं काही नाही, दुसऱ्याला कोणी चांगलं म्हटलं की यांना पडसं होतं. बायको तशी फटकळ, पण नेम अचूक.

मफलरची शिफ्ट दुपारची. दाबाचा काटा लाल रेघेच्या खाली आहे ना ते बघायचं, तेलाची पातळी बघायची आणि मुख्य म्हणजे मशीनकडे कान द्यायचा. सूर बदलला की हातातलं टाकून व्हॉल्व्हकडे धावायचं. बाकी वेळ नुसता बसून काढायचा, आणि नुसतं बसणं हे किती अवघड काम आहे ते बसणाऱ्यालाच ठाऊक. सकाळच्या शिफ्टला काका असायचे. वयाने बरेच वडील, बोलायला कमी, हमालांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे काका. दोघांची गाठ पडायची ती दुपारी, काम हाती देता-घेता, चहाचा पेला संपेपर्यंत.

मफलरच्या मुलीने जुनाट म्हणून नाकारलेला एक टॅब मशीनघरातल्या टेबलाच्या खणात येऊन पडला होता. त्यात मफलरने एक लढायांचा खेळ घेतला. चौघांची टोळी: तलवारवाला, तिरंदाजीण, वैद्य आणि जादूगार. ती घेऊन जंगलातून, गुहांमधून काळ्या राणीच्या किल्ल्यापर्यंत जायचं. या खेळाची गंमत म्हणजे त्यात पाळीपाळीने लढतात. तुम्ही एक वार करायचा, मग समोरच्याने. तुमची पाळी असताना तुम्ही उठून गेलात तर राक्षस दात विचकून जागच्या जागी उभा राहतो, पण हात उगारत नाही.

"काटा बघून या, तेल घालून या, तोवर तो थांबतो," मफलरने काकांना पटवलं. "असा सभ्य शत्रू आपल्याला ऑफिसात तरी मिळतो का?"

काका हसले आणि अडकले. सकाळी त्यांनी खेळायचं, दुपारी याने, टोळी एकच. अर्थात गुरू मफलर. चहाच्या पेल्याबरोबर शिकवणी चालायची.

"काका, तुम्ही सगळ्या लांडग्यांना थोडं थोडं मारता. तसं नाही करायचं. लांडगा अर्धमेला झाला तरी चावतो पुरताच. एकाला धरा, आडवा करा, मग दुसऱ्याकडे बघा."

"बरं."

"आणि वैद्याला पुढच्या रांगेत का उभा केलात?"

"म्हटलं शिकलेला माणूस आहे. मागे कसा उभा करायचा?"

"तो मेला तर औषध कोण देणार? मागे घ्या त्याला. आणि जिवाची पट्टी लाल व्हायची वाट बघू नका. निम्म्यावर आली की औषध. आणि वरच्या कोपऱ्यात चेहरे ओळीने दिसतात ना, पाळी त्या क्रमाने येते. वार करण्याआधी ती ओळ वाचायची. नवशिक्याला स्वतःची पाळी दिसते, पुढची कोणाची ते दिसत नाही."

काका ऐकायचे, आणि ऐकलेलं विसरायचे नाहीत. हरले की लगेच दुसरा डाव मांडायचे नाहीत, मशीन बंद पडल्यावर बसायचे तसे गुडघ्यांवर हात ठेवून कुठे चुकलं ते शोधत बसायचे. हळूहळू चेहऱ्यांची ती ओळ त्यांना तोंडपाठ झाली. जेवणाच्या सुट्टीत हमाल टॅबभोवती जमायचे. आधी ते मफलरला विचारायचे, आता आपसांत म्हणायला लागले, "थांब, उद्या सकाळी काकांना विचारू." मफलरने मफलर आणखी एक वेढा घट्ट केला.

दोघांचं एक ठरलेलं होतं. राणीशी लढायचं ते दोघांनी मिळून, एकट्याने नाही. हे ठरवलंही मफलरनेच, कारण तेव्हा त्याला वाटत होतं की काकांना तिथवर पोचायला जन्म जाईल.

एका दुपारी काकांनी पेला खाली ठेवला. "आज राणीच्या दारापर्यंत गेलो," ते म्हणाले. "आत डोकावलो आणि परत फिरलो, आपलं ठरलंय म्हणून. पण बघ, ती गुहेत सापडलेली अमृताची कुपी आहे ना, जी आपण जपून ठेवलीय, ती तिच्यासाठीच असणार. चौघं पडायला आले की उघडायची, म्हणजे चौघंही उठतील. थांबू का आज शिफ्टनंतर? करून टाकू."

कुपी एकच होती आणि एकदाच उघडता येणार होती. ती तिथे वापरायची हे मफलरला स्वतःला सुचलं नव्हतं. ऐकल्याबरोबर त्याला कळलं की हे बरोबर आहे, आणि अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत वैद्याला पुढे उभा करणारा माणूस आज आपल्याला शेवट सांगतोय. तोंडातून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"छे, काका. कुपी अजिबात उघडायची नाही. लढाईत ती उघडली की राणीमागचं शेवटचं दार कायमचं बंद होतं. मला माहीत आहे. आधी टोळी तगडी करा. लांडगे मारा, ताकद वाढवा. मग बघू."

"असं होय," काका म्हणाले. "बरं झालं विचारलं." आणि डबा घेऊन घरी गेले.

त्याच दुपारी मफलरने राणीशी लढाई केली. फक्त खात्री करून घेतो, असं स्वतःला सांगत. चौघं पडायला आले, त्याने कुपी उघडली, चौघं उठले आणि राणी पडली. दार उघडलं, शेवटचं चित्र सुरू झालं. पण त्याचा एक कान मशीनकडे आणि एक डोळा खोलीच्या दाराकडे, कोणी येतंय का म्हणून. आवाज बंद केला, अंगठ्याने चित्रं भराभरा पुढे ढकलली, आणि खेळ राणीच्या दाराच्या अलीकडे, आधी साठवलेल्या जागेवर परत नेऊन ठेवला. कुपी पुन्हा पिशवीत गेली. जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला तो, पानात वाढलं जाणारच होतं ते आधीच भांड्याला तोंड लावून चोरून खाल्ल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज खूप लांडगे मारले." झालं. आता खरं सांगायचं म्हणजे दोन्ही सांगायला हवं, खोटंही आणि चोरीही. मफलरने चहा प्यायला. मग ते रोजचंच झालं. काका रोज सकाळी इमानेइतबारे लांडगे मारत राहिले, आणि मफलर रोज दुपारी म्हणत राहिला, "अजून थोडी ताकद हवी."

त्याने एक गोष्ट मात्र पाहिली होती, आणि पुढे त्याला तीच सगळ्यात जास्त टोचत राहिली. काका टॅब खिडकीपाशी घेऊन बसू लागले होते. मग नाकाशी धरू लागले. मग मान वाकडी करून, कडेने बघू लागले. मफलरने विचारलं नाही. खाई त्याला खवखवे. डोळ्यांचा विषय काढला तर बोलणं राणीवर येईल, अशी त्याला धास्ती.

एके दिवशी काका स्वतःच मॅनेजरकडे गेले. "दाबाचा काटा मला दिसत नाही," ते म्हणाले. "दिसतो असं म्हणून बसलो तर एखाद्या दिवशी गॅसची नळी फुटून माणसं मरतील." काचबिंदू होता, फार पुढे गेलेला. निवृत्तीला अवकाश असताना काका घरी बसले. मशीनघरात सकाळी दुसरा माणूस आला, त्याला खेळात रस नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला, असं मफलरच्या मनात आलं, आणि ते आलं याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी घरी तो जेवलाच नाही.

"कुणाचं कौतुक झालं आज?" बायकोने विचारलं.

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने या वेळी टोमणा मारला नाही, तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. मग म्हणाली, "टॅब घेऊन जा त्यांच्याकडे. मला सांगून काय उपयोग?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो गेला. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. उजेड कुठून येतो आणि समोर काही हललं तर ते, एवढंच आता त्यांना कळायचं. काकू पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आणलास?" काकांनी विचारलं. "मला वाटलंच. आपलं ठरलेलं राहिलंय. तू बघ, मी सांगतो. तो थांबतोच ना आपल्यासाठी."

मफलर सांगायला आला होता. पण काकांनी खुर्ची पुढे ओढली, आणि त्याने टॅब उघडला.

लढाई सुरू झाली. मफलर चेहऱ्यांची ओळ वाचायचा, काका डोळे मिटून हुकूम द्यायचे. टोळी इतकी तगडी झाली होती की राणी लवकरच निम्मी झाली. पण निम्मी झाल्यावर ती एका पाळीत दोनदा मारते. तलवारवाला पडला, मग तिरंदाजीण पडली. वैद्याची पट्टी लाल.

"आता कोणाची पाळी?"

"वैद्याची. मग राणी, मग जादूगार."

"कुपी आहे, पण ती नाही उघडायची. तू सांगितलंस ते चांगलं लक्षात आहे माझ्या. वैद्याला स्वतःच औषध घेऊ दे."

औषध घेतलं असतं तरी पुढच्या दोन वारांत वैद्य संपला असता, आणि मग सगळंच. मफलरने काकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. त्यांना काय कळणार होतं? त्याने अंगठा औषधावरून सरकवला आणि कुपीवर ठेवला. चौघं उठले.

"घेतलं औषध," तो म्हणाला. "राणीने मारलं, पण नेम चुकला. आता तलवारवाला—"

"तलवारवाला पडलाय."

मफलरचा अंगठा पडद्यावरच थांबला.

"राणीनंतर जादूगार म्हणालास. तलवारवाला ओळीत आला कुठून?" काकांचा आवाज चढला नव्हता. मशीनचा सूर बदलल्यासारखा वाटला की ते असेच कान देऊन थांबायचे. "तू काय केलंस?"

मग मफलरने सांगितलं. कुपीने कुठलंच दार बंद होत नाही हे सांगितलं, तुम्हाला सुचलं आणि मला सुचलं नाही म्हणून तसं बोललो हे सांगितलं, आणि त्याच दुपारी एकट्याने जिंकलो हेही सांगितलं. त्याने मफलर काढला आणि मांडीवर धरून बसला. काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली.

"त्याच दुपारी," काका म्हणाले.

"हो."

"आणि मी रोज सकाळी लांडगे मारत होतो."

"हो, काका."

काका गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मफलरला वाटलं, आता जा म्हणतील, आणि म्हणाले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

"मागे फिरव," काका म्हणाले. "दाराच्या अलीकडे. पहिल्यापासून लढायचं. आणि आता दिसेल तेच सांग."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लढाई केली. मफलरने प्रत्येक वार जसा पडला तसाच सांगितला, चुकलेला आणि लागलेलाही. दोघं पडले, वैद्य लाल झाला, तेव्हा काका थोडं थांबले आणि म्हणाले, "उघड कुपी." चौघं उठले. राणी पडली. दार उघडलं.

"आता?"

"आता शेवटचं चित्र." मफलरने या वेळी कशालाही अंगठा लावला नाही. आपण हे पाहिलेलंच नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. "चौघं किल्ल्याच्या गच्चीवर आलेत. सकाळ झालीय. खाली पाणी आहे, लांबवर. आकाश केशरी आहे."

"केशरी म्हणजे कसलं?"

"म्हणजे... खाली जरा तांबूस, आणि वर जाता जाता..." त्याला शब्द सापडेना. तीन तऱ्हांनी सांगून बघितलं, एकही धड जमली नाही. काका चेहरा टॅबच्या उजेडाकडे धरून ऐकत होते.

"राहू दे," शेवटी ते म्हणाले. "त्या दुपारी मला दिसत होतं."

त्यात राग नव्हता. मफलरने मान खाली घातली, डोळे पुसले आणि पुन्हा पाण्यापासून सांगायला सुरुवात केली.