वासूकाकांच्या रायफलीचं स्वयंवर

वासूकाका रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा पोलादी दांडा, डोळे मिटून ओढत. मान तिरपी, कान पोलादापाशी. गवई तंबोरा जुळवताना ऐकतो तसे. आवाज मनासारखा लागला की मला म्हणत, "ऐकलंस? हे पोलाद नाही, लोणी आहे."

जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात त्यांनी जन्मभर मायक्रॉन मोजले, आणि निवृत्त झाल्यावर नेमबाजी क्लबात एका जुन्या फिनिश रायफलीच्या प्रेमात पडले. शुद्ध शाकाहारी माणूस. कागदाखेरीज कशावर गोळी झाडली नाही. पण तिचं कौतुक सुरू झालं की क्लबातले जर्मन आपापला केक घेऊन जवळ सरकत. "आल्झो, तर मंडळी, फिनलंडात थंडी एवढी, की कारागीर काम टाकून जाणार कुठे? घासत बसतो," काका सांगत. "शंभर मीटरवरच्या डासाची मिशी उडव म्हटलं, तर ही विचारेल, डावी की उजवी?" मी साक्षीदार आहे. डास दिसला नाही, पण त्यानंतर त्या मैदानावर मला एकही चावलेला नाही.

त्यांची बायको, हेल्गाकाकू, त्याच क्लबात, पण पिस्तूलवाल्या. परवाने दोघांकडे, घरात तिजोरी एक, आणि तिच्यात दोन पंथ. काकू नेम साधत असल्या की काका म्हणत, फटाके उडवतेय. रायफलीला मात्र हात लावू देत नसत. काकू सासूकडून उचललेल्या मराठीत म्हणत, "अहो, रायफल चांगली आहे. तुम्ही वात आणता."

मग काकांच्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला; डावा आधीच अधू. डॉक्टरांनी नेमबाजी बंद केली. रायफल परवानेवाल्यालाच देता येते, आणि एखाद्या धसमुसळ्याच्या हाती ती पडेल या धास्तीनं काकांना जेवण जाईना. शेवटी त्यांनी मैदानावर तिचं स्वयंवर मांडलं. क्लाउस नावाच्या धिप्पाड गृहस्थानं बोल्ट असा आपटला की काका छातीला हात लावून खाली बसले. दुसऱ्यानं विचारलं, लाकडी दस्ता काढून प्लास्टिकचा बसवला तर? त्याला कॉफीसुद्धा मिळाली नाही.

तेव्हा काकू उठल्या. "अहो, सरका जरा."

बोल्ट दोन बोटांवर पुढे गेला आणि पापणी मिटावी तसा मिटला. पाच गोळ्या. कागद आला, तर पाचही भोकं एका युरोच्या नाण्याखाली झाकली गेली. मी तर म्हणतो, नाणं जरा मोठंच पडलं. काकांना धड दिसेना. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हात इतका हलका कुठे केलास?"

"तुमच्यामागे बसून," काकू म्हणाल्या. "रायफल माझ्या नावावर करा. पण साफ तुम्हीच करायची. त्याला डोळा लागत नाही."

 काकांनी खिसे चाचपत मला विचारलं, "तेलाचं फडकं कुठाय रे?"